मंदीच्या सौद्याची उलटतपासणी



 संमेलनाच्या अध्यक्षांनी सगळ्या विषयांना हात लावावा असा प्रघात आहे. आजचे भाषण मात्र एकाच प्रश्नाचे आहे. आधी शेअर विकायचा आणि भाव पडल्यावर घेऊन हिशेब चुकता करायचा, म्हणजे शॉर्ट सेलिंग. त्यासाठी पडणाऱ्या कंपन्या निवडणारी चाळणी खरोखर चालते का, हे जुन्या भावांवर तपासायचे कसे?

मंदीवाल्यांचा इतिहास शेअरबाजाराइतकाच जुना आहे. १६०९ मध्ये अॅमस्टरडॅमला व्यापारी इझाक ले मेअर आणि त्याचे साथीदार डच ईस्ट इंडिया कंपनीचे हाती नसलेले शेअर विकत होते. पुढच्याच वर्षी अशा विक्रीवर बंदी आली. दलाल स्ट्रीटवर बदला, म्हणजे सौदा पुढच्या सौदापूर्तीपर्यंत ढकलण्याची पद्धत, चालत असे तेव्हा शेअरची टंचाई झाली की मंदीवाल्याला ‘उंधा बदला’ मोजावा लागे. मार्च २००१ मध्ये सेबीने शॉर्ट सेलिंग रोखले, त्याच वर्षी जुलैत बदला संपला, आणि शेअर उसने देण्याघेण्याची आजची व्यवस्था एप्रिल २००८ मध्ये सुरू झाली. वीस-पंचवीस वर्षांचे बॅकटेस्टिंग, म्हणजे जुन्या भावांवरची चाचणी, करणाऱ्याला हे टप्पे ओलांडावे लागतात. प्रत्येक टप्प्यावर नियम वेगळा आणि खर्चही वेगळा.

चाळणी सहसा अशी असते: वर्षभर घसरलेला भाव, वाढते कर्ज, कागदावर नफा पण हातात रोकड नाही, प्रवर्तकांचे शेअर गहाण. संगणकावर या अटी घातल्या की नफ्याचा सुरेख चढता आलेख समोर येतो. त्या आलेखाची उलटतपासणी तारखेपासून सुरू व्हावी. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे निकाल जाहीर करायला कंपनीला साठ दिवस मिळतात. तेच आकडे वापरून १ एप्रिलला सौदा दाखवणारी चाचणी फुटलेली प्रश्नपत्रिका सोडवत असते. गहाण शेअरची माहिती उघड करणे सेबीने सक्तीचे केले ते जानेवारी २००९ मध्ये, सत्यम कंपनीच्या घोटाळ्यानंतर. त्याआधीच्या काळावर ही अट लावायला माहितीच नाही.

सत्यमचे उदाहरण आणखी खोल जाते. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे कबुलीचे पत्र बाहेर आले. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकडीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. शेअर एका दिवसात सुमारे ७८ टक्के कोसळला. पण कर्ज आणि रोकड पाहणाऱ्या चाळणीला आदल्या दिवसापर्यंत ही कंपनी धनाढ्यच वाटली असती. चाळणी वाचते ती छापलेली आकडेवारी, आणि तीच खोटी असेल तर चाचणीही फसते.

निफ्टीची आजची यादी घेऊन मागे जाणारे अभ्यासकही कमी नाहीत. त्या यादीत सत्यम नाही, युनिटेक नाही, रिलायन्स कम्युनिकेशन्स नाही. खरेदीच्या धोरणाला ही गळती फुकटचे गुण देते. मंदीच्या धोरणाचे हक्काचे गुण कापते, कारण ज्यांवर कमाई झाली असती त्याच कंपन्या गायब असतात. म्हणून त्या त्या दिवशीची यादी हवी.

सगळ्यात मोठी चूक मात्र शेअर हाती लागेलच असे धरून चालण्याची असते. आपल्याकडे सामान्य गुंतवणूकदाराला शेअर न घेता विकून सौदा दुसऱ्या दिवसावर न्यायचा तर रस्ते मुख्यतः दोनच: वायदा किंवा उसनवारी. वायद्यात मोजक्याच कंपन्या, त्यातही खुले सौदे ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांपलीकडे गेले की नव्या सौद्यांना बंदी. चाळणीने हेरलेल्या सर्वांत कमजोर कंपन्या बहुतेक या यादीबाहेरच्या असतात आणि पडताना त्यांना खालचे सर्किट, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा, लागते. आलेखातला नफा नेमका तिथून आलेला असतो, म्हणजे कोणालाच करता न आलेल्या सौद्यांतून.

बाहेर पडणेही तितकेच अवघड. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि ६ मार्चला शेअर सोळा रुपयांच्या आसपास बंद झाला. पुनर्रचनेत शंभरपेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकवले गेले. बाजारात माल आटला आणि दोन आठवड्यांच्या आत भावाने पन्नाशी ओलांडली. सोळाला विकणाऱ्याचे निदान बरोबर होते, तरी त्याचा तोटा मूळ रकमेच्या दुपटीवर गेला. १८ मे २००९ रोजी, लोकसभेच्या निकालानंतर, सेन्सेक्स २,११० अंकांनी उसळला. दोनदा सर्किट लागले, बाजार जेमतेम क्षणभर चालला. मंदीवाल्याला सौदा कापायला वेळच मिळाला नाही. केंट डॅनियल आणि टोबियस मॉस्कोविट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी मोजले आहे की मार्च ते मे २००९ या काळात अमेरिकेत आधी सर्वाधिक पडलेल्या शेअरचा दशमांश गट १६३ टक्के वाढला, तर आधी सर्वाधिक चढलेला गट फक्त ८ टक्के. आधी पडलेलेच शेअर विकायचे ही चाळणी वर्षानुवर्षे चालते आणि तीन महिन्यांत सारे परत करते.

शिवाय निर्देशांकाशी तुलना केल्याशिवाय निकाल वाचता येत नाही. चढत्या बाजारात वाईट शेअरही वर जातात. चाळणीचे काम ते बाजारापेक्षा मागे पडले का, हे दाखवण्याचे. आणि शंभर चाळण्या तपासल्या तर संख्याशास्त्राच्या पाच टक्क्यांच्या कसोटीवर पाचएक निव्वळ योगायोगानेच उत्तीर्ण होतात. उरलेल्या पंचाण्णवांचा उल्लेख निबंधात दिसत नाही.

म्हणून या संमेलनात निबंध वाचणाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक सौद्यापुढे चार रकाने भरावेत: माहिती प्रत्यक्ष जाहीर झाल्याची तारीख, त्या दिवशी शेअर वायद्यात किंवा उसनवारीत उपलब्ध होता का, उसनवारी आणि लाभांशासह एकूण खर्च, आणि सौदा चालू असताना झालेला सर्वांत मोठा तोटा. निबंधाच्या पहिल्याच पानावर एकूण किती चाळण्या तपासल्या तो आकडा छापावा. पुढच्या संमेलनापासून हे रकाने नसलेला निबंध परत पाठवावा, असा ठराव आज सभेपुढे ठेवला आहे.