नगराचा नकाशा आणि घराचा क्रमांक



बंगळूरच्या चिकपेट भागातील एखादी इमारत नेमकी कोठे आहे, ह्या साध्या प्रश्नाला एक उत्तर मिळत नाही. महानगरपालिकेचा करविभाग तिला एका क्रमांकाने ओळखतो, पाणीपुरवठा मंडळ दुसऱ्या आणि वीज कंपनी तिसऱ्या. दुकानदार मात्र चौकापासूनच्या बोळांची संख्या सांगतो. चारही उत्तरे खरी असतात. परंतु ती एकमेकांस ओळखत नाहीत. नगराच्या भौगोलिक माहिती प्रणालीची आखणी ह्या अडचणीपासूनच सुरू व्हावयास हवी.

अशी प्रणाली म्हणजे नकाशावरील प्रत्येक आकृतीस तिच्याविषयीच्या नोंदी जोडणारी संगणकीय व्यवस्था होय. १९६० नंतरच्या दशकात कॅनडामध्ये रॉजर टॉमलिन्सन ह्यांच्या पुढाकाराने जमिनीच्या वापराची नोंद ठेवण्यासाठी ती प्रथम उभारण्यात आली. शेतजमिनीचा विस्तार मोठा असतो. पेठेतील व्यवहार मात्र मजल्यांवर मजले चढवून चालतो. चिकपेटेत खाली रेशमी साड्यांचे दुकान, वर गोदाम आणि त्याही वर कचेरी असू शकते. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात ह्या सर्वांचे मिळून एकच छप्पर दिसते. म्हणून आकृती इमारतीची असली, तरी नोंद प्रत्येक गाळ्याची ठेवावी लागते.

केंपेगौडाने १५३७ साली हे नगर वसविले, तेव्हा दोड्डपेट आणि चिक्कपेट हे दोन रस्ते चौकात परस्परांना छेदत. भोवतालच्या अक्कीपेटेत तांदूळ, तर बळेपेटेत बांगड्या. पेठेचे नावच तेथील व्यापाराची माहिती देई. लोकांचा व्यवसाय बदलला, नाव मात्र तेच राहिले. आधुनिक क्रमांकाचीही गत काहीशी अशीच झाली.

बंगळूरच्या मालमत्ता क्रमांकाचे तीन भाग होते : प्रभाग, रस्ता आणि मिळकत. ही रचना सुबोध होती. परंतु २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढे १०० प्रभागांचे १९८ झाले. घर जागचे हलले नाही, तरी त्याचा क्रमांक बदलला आणि जुना व नवा असे दोन्ही सांभाळणे प्राप्त झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. ज्या क्रमांकात प्रशासनाची सीमा गुंफलेली असते, तो प्रत्येक फेररचनेबरोबर डळमळतो.

ह्यावरून आखणीचा क्रम ठरतो. प्रणालीने कोणते प्रश्न सोडवावयाचे, हे प्रथम निश्चित करावे. नंतर प्रत्येक मिळकतीस कधीही न बदलणारा, स्वतः काहीही न सांगणारा क्रमांक द्यावा. प्रभाग, मालक, उपयोग ह्या गोष्टी त्याच्याशी निराळ्या जोडाव्यात. त्यानंतर फेरफाराची नोंद कोणी व किती दिवसांत करावी, हे ठरवावे. यंत्रखरेदी सर्वांत शेवटी.

हा क्रम उलटला, तर सुंदर नकाशा तयार होतो आणि दोन वर्षांत जुना होतो. त्याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. अरुंद बोळात आग लागली असता बंबाला कोणत्या बाजूने आत शिरता येईल, वरच्या मजल्यावर माणसे राहतात की कापडाचे गठ्ठे आहेत, हे नोंदीतून तत्क्षणी कळले पाहिजे. जो गाळा नोंदीत नाही, त्यातील माणूस त्या वेळी नगराच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.