आंबिलीच्या तालुक्यात आपले स्वागत



आतड्यांतील जीवाणू आणि मधुमेह या विषयावरची परिषद पुण्या-मुंबईत सहज झाली असती. आपण बालाघाटच्या डोंगरात जळकोटला आलात. स्वागताध्यक्ष या नात्याने तालुक्याच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

मी शेतकरी माणूस. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आधी आमच्या घरी आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ ताकात कालवून मातीच्या बिंदगीत ठेवतात. सकाळी झाकण काढले की आंबूस वास येतो, वर बारीक बुडबुडे दिसतात. हे जीवाणूंचे काम, हे माझ्या आईला कुणी शिकवले नव्हते. पण बिंदगी कुठे ठेवायची, ते तिला पक्के ठाऊक होते. भाकरीतला, तुरीतला, भज्जीतल्या शेंगाभाज्यांतला चोथाही आतड्यात असाच आंबतो. त्यातून ब्युटिरेट नावाचे द्रव्य तयार होते आणि आतड्याचे अस्तर त्यावर पोसते.

चीनमध्ये 2012 साली 345 जणांच्या तपासणीत मधुमेहींमध्ये ब्युटिरेट तयार करणारे जीवाणू कमी आढळले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संशोधकांनी 2017 मध्ये भारतीय मधुमेहींच्या आतड्यांतील सूक्ष्मजीवांतही फरक दाखवला. मला सर्वांत मोलाचे वाटते ते 2015 चे संशोधन. जीवाणूंतला काही फरक आजाराचा नसून मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळीचा आहे, हे त्याने स्पष्ट केले. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवायला घाई चालत नाही. म्हणून आंबील पिऊन साखर जाते, असे मी गावात कुणाला सांगणार नाही.

पण एक गोष्ट डोळ्यांसमोर घडते आहे. शिवारात सोयाबीन पसरले, ज्वारी मागे हटली. कडब्याच्या गंजी कमी झाल्या, ताटातली भाकरीही कमी झाली. आजोबांच्या आणि नातवाच्या पोटातले जीवाणू आज एकसारखे असतील का? हे तपासायला आजोबांची पिढी आज हाताशी आहे, वीस वर्षांनी नसेल.

संशोधकांना माझी विनंती आहे. नमुने आमच्या वाडी-तांड्यांवरूनही घ्या. कोण कोणती गोळी घेतो, कोणत्या हंगामात काय खातो, हे विचारून लिहा. निष्कर्ष मराठीत आमच्यापर्यंत परत आणा. आणि गावकऱ्यांनो, चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

दुपारच्या पंगतीत भाकरी, भज्जी आणि आंबील आहे. सर्वांनी जेवूनच जावे.