तारेच्या कड्याचा हिशेब



जालन्यात मी बोलावयास उभा राहिलो की महागाई भत्ता आणि बोनस, हे ठरलेलेच. आज विषय रेडिओच्या एरियलचा आहे. पण भिऊ नका, हिशेब पगारपत्रकासारखाच आहे.

1942 च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. तरंगलांबी 42.34 मीटर. अशा लाटेला नेहमीचे एरियल म्हणजे तिच्या निम्म्या लांबीची, सुमारे 21 मीटरची तार. ती गच्चीवर टांगली की रस्त्यावरून दिसणार. मग कोणी म्हणेल, 1 मीटर व्यासाचे तांब्याचे कडे करून खोलीत ठेवा की! ते का भागत नाही?

एरियलमधील विजेचा जो भाग लाटा होऊन बाहेर पडतो, तो यंत्राला एखाद्या रोधासारखा जाणवतो. त्याला प्रारण-रोध म्हणतात. नाव रोधाचे असले तरी कामाचा खर्च तेवढाच. लहान कड्यासाठी रीत अशी: परिघाला तरंगलांबीने भागा, आलेल्या संख्येचा चतुर्थ घात करा, 197 ने गुणा. आपला परिघ 3.14 मीटर, भागाकार 0.074, चतुर्थ घात 0.00003, उत्तर 0.006 ओहम. त्या 21 मीटरच्या सरळ तारेचा हाच आकडा 73 ओहम आहे!

चतुर्थ घात का? कड्याच्या समोरासमोरच्या बाजूंत वीज उलटसुलट धावते. एकाच दोराला दोन तुकड्या दोन्हीकडून ओढताहेत असे समजा. कडे लाटेच्या मानाने जेवढे रुंद, तेवढाच थोडा फरक उरतो. मुळात बाजूची लांबी कमी, त्यात उरलेला फरक कमी, म्हणून जोर वर्गाने घटतो. आणि शक्ती जोराच्या वर्गाने जाते.

आता कपात पाहा. तार 2 मिलिमीटर जाड धरा. या लाटेची वीज तांब्याच्या पृष्ठभागाशी, मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्श्यातच वाहते. म्हणून तारेचा स्वतःचा रोध 0.35 ओहम भरतो. प्रवाह दोहोंना एकच, तेव्हा वाटणी रोधांच्या प्रमाणात. 100 वॅट ओतले तर 98 तार तापविण्यात जातात. पत्रकावर शंभर, हातात दोन! 2 सेंटिमीटर जाडीची नळी वापरली तर सुमारे 15 पदरी पडतात. कामगार संघटनेला असली सुधारणा करार म्हणून पुरेशी वाटणार नाही, पण हौशी रेडिओवाले तेच करतात.

मात्र ऐकणाऱ्याला हेच कडे चालते. लाटेबरोबर वातावरणातील खरखरही त्याच प्रमाणात घटते, आणि आवाज मागाहून वाढविता येतो. शिवाय कड्याचे तोंड केंद्राकडे वळले की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. दोन जागांहून अशा रेषा काढल्या की त्या छेदतात तेथे केंद्र. गुप्त केंद्रे हुडकण्याची ही जुनी रीत. काँग्रेस रेडिओच्या मागावरही शोधगाड्या होत्या. 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलिसांनी ते केंद्र पकडले.

घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्ह लावून तो हळूहळू फिरवून पाहा. आत काळ्या फेराइटच्या दांड्यावर वेढे असतात. आवाज बसतो तेव्हा दांड्याचे टोक केंद्राकडे असते.