वराहपालन : खाद्याचे अर्थकारण
(व्याख्यानाचा मजकूर)



भिलाई म्हटले की १९५५ चा भारत-सोव्हिएत करार आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेला पोलाद कारखाना आठवतो. मात्र या औद्योगिक नगरीभोवतीचा परिसर भातशेतीचा आहे. भाताच्या गिरण्यांतून कणी व कोंडा निघतो, तर नगरीतील खानावळींत अन्न उरते. माणसाच्या ताटाबाहेर राहणाऱ्या या सामग्रीचे मांसात रूपांतर करण्याची क्षमता वराहात आहे. म्हणूनच भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांना हा व्यवसाय सोयीचा ठरतो.

वराहपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारणतः ६५ ते ७५ टक्के असतो. साहजिकच पशुपालक स्वस्त खाद्य शोधतो. परंतु स्वस्त खाद्य म्हणजे स्वस्त उत्पादन नव्हे. एक किलो वजनवाढीसाठी किती किलो खाद्य लागले, यास खाद्य-रूपांतर प्रमाण म्हणतात. समजा, १८ रुपये किलोचे निकृष्ट खाद्य पाच किलो लागले, तर वजनवाढीचा खर्च किलोमागे ९० रुपये होतो. २५ रुपये किलोचे संतुलित खाद्य ३.२ किलो पुरले, तर तोच खर्च ८० रुपयांवर येतो.

हा फरक का पडतो? वराह एकजठरी प्राणी आहे. गाई-म्हशींप्रमाणे केवळ पेंढ्यावर तो वाढू शकत नाही. कणी व कोंडा ऊर्जा पुरवतात. पण त्यांत प्रथिने, विशेषतः लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल, अपुरे असते. ही उणीव सोयाबीनची पेंड भरून काढते. लहान पिलांच्या आहारात १८ ते २० टक्के, वाढत्या वयात सुमारे १६ टक्के आणि विक्रीपूर्व काळात सुमारे १४ टक्के प्रथिने असावीत. खनिज मिश्रण व स्वच्छ पाणीही तितकेच आवश्यक आहे.

खानावळीतील उरलेल्या अन्नात पाण्याचा अंश मोठा असतो. केवळ त्यावर वाढ मंदावते. शिवाय २०२० मध्ये भारतात प्रथम आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू अशा अन्नातील मांसावाटे पसरू शकतो. या रोगावर उपचार नाही. अन्न नीट उकळल्याविना देणे म्हणजे थोड्या बचतीसाठी संपूर्ण कळप धोक्यात घालणे होय.

विक्री केव्हा करावी, याचे उत्तर घटत्या फलाच्या नियमात आहे. वजन वाढते तसे शरीरात चरबीचे प्रमाण वाढते आणि प्रत्येक पुढील किलोसाठी अधिक खाद्य लागते. त्या किलोचा खर्च बाजारभावाइतका झाला की जनावर पोसत राहणे तोट्याचे ठरते.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील वराहांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे १२ टक्क्यांनी घटून ९०.६ लाख झाली. २०२१-२२ मध्ये पुनर्रचना झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनासाठी ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली. परंतु दररोजच्या खाद्याचा खर्च पशुपालकालाच करावा लागतो. त्यामुळे अनुदानातून गोठा उभा राहिला, तरी तो टिकणार की नाही, हे गव्हाणीतील हिशेबावरच ठरेल.