चरख्याला मोटर बसवताना

चरख्याची मूठ काढून त्या जागी मोटर जोडली की काम झाले, असे होत नाही. हात हळूहळू वेग घेतो आणि सूत तुटले की आपसूक थांबतो. मोटरच्या अंगी हे दोन्ही गुण मुद्दाम आणावे लागतात.

चरखा सुधारण्याचा प्रयत्न जुना आहे. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अट अशी की यंत्र हाताने किंवा पायाने चालावे, आठ तासांत सोळा हजार वार सूत द्यावे आणि किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथांनी अंबर चरखा घडवला. वर्ध्याच्या मगनवाडीतील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने, म्हणजे पूर्वीच्या जमनालाल बजाज संशोधन संस्थेने, त्याच घराण्यातल्या यंत्राला सौरऊर्जेची जोड दिली.

अंबर चरख्यात रूळ पेळूचा धागा ताणून बारीक करतात आणि चाती त्याला पीळ देते. दोघांच्या वेगांचे प्रमाण दातेरी चाकांनी व पट्ट्यांनी बांधलेले असते. त्यामुळे मोटर जोरात फिरवली तरी इंचामागचा पीळ बदलत नाही. वाढतो तो ताण, आणि धागे पटापट तुटू लागतात. शिवाय सुरुवातीला झटका बसला तर सगळ्या चात्यांवरचे सूत एकदम जाते. म्हणून मोटरचा वेग हळूहळू चढवणारा नियंत्रक हवा.

सौरपट्टी एकदिश (डीसी) प्रवाह देते, तेव्हा मोटरही डीसी घेतलेली बरी. इन्व्हर्टरची गळती वाचते. साध्या डीसी मोटरमध्ये कार्बन ब्रश झिजतात, त्यातून ठिणग्या उडतात. कापसाचे तंतू हवेत तरंगत असलेल्या खोलीत हा धोका हलका मानू नये. ब्रशविरहित मोटर महाग पडते, पण इथे तीच शहाणपणाची.

बसवण्याची रीत रिमोटवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या गाडीची मोटर बदलण्यासारखीच आहे. व्होल्टेज जुळवायचे, आसाची जाडी मोजायची, मग छोट्या आणि मोठ्या दातेरी चाकांमध्ये कागदाची पट्टी घालून मोटर आवळायची आणि पट्टी काढून घ्यायची. कागदाएवढी फट उरली नाही तर चाके कण्हतात. जास्त उरली तर दाते तुटतात.

उरला उन्हाचा प्रश्न. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांपुढे जातो, म्हणजे वीज भरपूर मिळेल असे वाटते. पण सिलिकॉनची पट्टी २५ अंशांपुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के क्षमता गमावते, आणि भर उन्हात तिचे स्वतःचे तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त असते. तिच्या पाठीमागे हवा खेळती ठेवावी. ढगाळ दिवसांसाठी बॅटरी लागतेच.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये सोलर चरखा मिशन सुरू केले. मात्र १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोग कायद्यानुसार हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड तेवढेच खादी. मोटरवर कातलेल्या सुताचे कापड त्या व्याख्येबाहेर राहते.