खुर्चीला अब्रू नसते



वार्ताहरांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. अध्यक्षाने व्यवसायाच्या सगळ्या प्रश्नांचा धावता आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो मोडून मी आज एकाच कागदाविषयी बोलणार आहे. हा कागद टपालाने, पोच पावतीसह येतो. त्याला आपण नोटीस म्हणतो.

तिचा मजकूर आपल्याला पाठ झाला आहे. अशिलाची समाजातली प्रतिष्ठा, बातमीमुळे झालेली कधीही न भरून येणारी हानी, पंधरा दिवसांत पहिल्या पानावर बिनशर्त माफी, नाहीतर अमुक कोटींचा दावा आणि शिवाय फौजदारी. रस्त्याचे बिल काम होण्याआधी निघाले की नाही, टेंडर कोणाच्या मेहुण्याला मिळाले, याबद्दल मात्र त्यात एक ओळ नसते.

यातल्या कितीतरी नोटिशी कोर्टाची पायरी चढतच नाहीत, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. त्यांना चढायची गरजही नसते. मालक वकिलाला फोन करतो, वकील म्हणतो, सध्या थांबा. पाठपुराव्याची बातमी डेस्कवर अडकते आणि तालुक्याच्या वार्ताहराला निरोप जातो, त्या विषयाला आता हात लावू नकोस. न्यायाधीशाने एक शब्द उच्चारण्याआधीच बातमी मेलेली असते. ज्या वार्ताहराच्या नावे नोटीस आली, त्याच्यापाशी नेमणूकपत्रही नसते. संकट आले की दैनिक सांगते, तो आमचा कर्मचारी नाही.

मित्रहो, बदनामीचा कायदा असूच नये, असे मी म्हणणार नाही. अब्रू ही माणसाची मोठी मिळकत आहे आणि ती खोटे लिहून लुटणाऱ्याला जाब विचारला गेलाच पाहिजे. माझा प्रश्न वेगळा आहे. मंत्री, आयुक्त, मुख्याधिकारी जेव्हा आपल्या कारभाराबद्दल छापून आलेल्या मजकुरावर चिडून कोर्टाची भीती दाखवतात, तेव्हा ते कोणाची अब्रू राखत असतात? माणसाला अब्रू असते. खुर्चीला नसते. खुर्चीकडे असतो तो जनतेने सोपवलेला कारभार, आणि त्याचा हिशेब मागणे ही बदनामी होऊ शकत नाही.

हे मी भाबडेपणाने बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली जवळजवळ हेच सांगितले आहे. त्या खटल्याची हकीकत प्रत्येक बातमीदाराला माहीत असायला हवी. तामिळनाडूच्या तुरुंगात ऑटो शंकर नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. त्याने आत्मचरित्र लिहिले होते. त्याच्या गुन्हेगारी धंद्यात बडे सनदी आणि पोलीस अधिकारी कसे सामील होते, हे त्यात होते. 'नक्कीरन' या तमिळ साप्ताहिकाने ते छापायचे ठरवले. त्यावर राज्याच्या तुरुंग महानिरीक्षकांनी पत्र पाठवले: हे लिखाण त्या कैद्याचे नाही, छापणे थांबवा, नाहीतर कायदेशीर कारवाई करू. संपादक थेट न्यायालयात गेले.

न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या पीठाने दिलेल्या निकालातले तीन मुद्दे लक्षात ठेवा. पहिला, आपली बदनामी होईल या भीतीने छपाई आधीच रोखण्याचा अधिकार सरकारला किंवा अधिकाऱ्यांना कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. दुसरा, अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल काही छापले, तर त्याला नुकसानभरपाई मागता येत नाही; खरेखोटे न पाहता बेफिकिरीने खोटे छापले हे त्याने सिद्ध केले तरच ती मिळेल. पत्रकाराने वाजवी शहानिशा केली होती, एवढे त्याने दाखवणे पुरेसे आहे. तिसरा, सरकार किंवा नगरपालिका अशा संस्थेला स्वतःच्या बदनामीचा दावा लावताच येत नाही. हे तत्त्व घडवताना न्यायालयाने अमेरिकेतल्या 1964 च्या सलिव्हन खटल्याचा आधार घेतला. त्यातही फिर्यादी माँटगोमेरी शहराचा एक आयुक्तच होता.

पण याच निकालाने एक दार उघडे ठेवले. फौजदारी बदनामीचे काय, याचे उत्तर योग्य खटला येईल तेव्हा पाहू, असे म्हटले. तो खटला आला 2016 साली, आणि सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीचे कलम घटनेला धरूनच आहे, असा निर्वाळा दिला. भारतीय दंड संहितेचे जुने कलम 499 आज भारतीय न्याय संहितेत 356 या आकड्याने नांदते आहे; शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आता समाजसेवेची शिक्षाही त्यात आली आहे, एवढाच काय तो मऊपणा.

याहून टोचणारी गोष्ट प्रक्रियेत आहे. सामान्य माणसाला बदनामीची फिर्याद करायची तर स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहून शपथेवर सांगावे लागते. मंत्र्याच्या किंवा लोकसेवकाच्या कामाबद्दल लिहिले असेल, तर सरकारच्या मंजुरीने सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात तक्रार करू शकतो. म्हणजे ज्याच्यावर जनतेच्या पैशाच्या गैरव्यवहाराचा आरोप, त्याची फिर्याद जनतेच्याच पैशाने. आणि समोर कोण? महिन्याला चार आकडी मानधनावरचा वार्ताहर, ज्याने समन्स घ्यायचे, जामीन शोधायचा, प्रत्येक तारखेला रोजगार बुडवायचा.

ही तरतूद कशी वापरली जाते, ते तामिळनाडूने दाखवले. मुख्यमंत्री जयललितांच्या काळात पाच वर्षांत बदनामीचे दोनशेहून अधिक खटले दाखल झाले. त्यांतले पन्नासहून अधिक प्रसारमाध्यमांवर होते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये त्याबद्दल त्या सरकारला खडसावले. पुढे 2020 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संपादकांवरचे असे अनेक खटले रद्द केले आणि सरकारी वकिलाला बजावले, की सरकारने दिलेला कागद कोर्टात पोचता करणारे टपाल खाते होऊ नका, आधी स्वतः विचार करा. निकाल चांगला आहे. तो यायला कित्येक वर्षे लागली, हेही तितकेच खरे आहे.

आणखी एक गोष्ट इतिहासातून दिसते. सत्तेने सगळ्या वृत्तपत्रांवर एकदम हात टाकला, की ती हरते. बिहारचे 1982 चे प्रेस विधेयक मागे घ्यावे लागले. बोफोर्स तोफांच्या खरेदीतील लाचेच्या बातम्यांनी बेजार झालेल्या राजीव गांधी सरकारने 1988 च्या ऑगस्टमध्ये मानहानी विधेयक लोकसभेत संमतही करून घेतले. संपादकांपासून बातमीदारांपर्यंत सारे रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरातच सरकारने ते सोडून दिले. राजस्थानात 2017 साली अधिकाऱ्यांची नावे परवानगीवाचून छापायला बंदी घालू पाहणारा वटहुकूम निघाला. 'राजस्थान पत्रिका'ने संपादकीयाची जागा कोरी सोडली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. नोटीस मात्र एकेकट्याला गाठते. म्हणूनच ती विधेयकापेक्षा अधिक प्रभावी ठरते.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. मराठी वृत्तपत्रसृष्टीतला गाजलेला पहिला बदनामीचा खटला 1882 सालचा. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर, तरुण छत्रपतींच्या छळाबद्दल, 'केसरी' आणि 'मराठा' यांनी कडक टीका केली. बर्व्यांनी फिर्याद केली, टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र ज्या पत्रांच्या आधारावर लिहिले गेले, ती कोर्टात बनावट ठरली, हे सांगताना आवाज खाली येतो. तो येऊ नये. दोन इतके मोठे संपादक कागदाच्या बाबतीत फसू शकतात, तर आपण किती सावध राहायला हवे?

उलट बाजूचे उदाहरण 1981 चे. अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी त्यांच्या प्रतिष्ठानांच्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध कागदांनिशी मांडला. जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावे लागले. पक्का कागद हाती असेल, तर नोटिशीचे ओझे वाटत नाही. आणि बातमी दाबण्यासाठी पाकीट घेणारे, जाहिरातीसाठी धमकावणारे आपल्यातले लोक प्रत्येक भ्रष्ट अधिकाऱ्याला आयता बचाव पुरवतात. त्यांना पाठीशी घालून आपल्याला ही लढाई लढता येणार नाही.

1882 च्या प्रकरणात आणखी एक तपशील आहे. टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी धावून आले ते जोतीराव फुले. त्यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे जामीन राहिले. विचारांनी फुले आणि टिळक किती दूर होते, हे मी सांगायला नको. आज प्रतिस्पर्धी दैनिकाच्या वार्ताहराला नोटीस आली, तर आपण आतल्या पानावर चार ओळी तरी छापतो का?

महाराष्ट्राने 2017 साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, ही चांगली गोष्ट. पण तो हिंसेपुरता आहे. खोट्या दाव्यांच्या माऱ्यापुढे तो गप्प आहे. युरोपीय संघाने 2024 मध्ये अशा दाव्यांना आळा घालणारा निर्देश काढला. त्यामागे माल्टाच्या डॅफ्नी कारुआना गॅलिझिया यांची आठवण आहे. सत्ताधाऱ्यांचे गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या या पत्रकार महिलेचा 2017 मध्ये बॉम्बस्फोटात खून झाला, तेव्हा तिच्यावर बदनामीचे चाळीसहून अधिक दावे चालू होते.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. सरकारकडे: लोकसेवकाने स्वतःच्या खर्चाने फिर्याद करावी, सरकारी वकिलाची सोय बंद व्हावी, आणि दावा केवळ गप्प बसवण्यासाठी आहे असे दिसले, तर तो पहिल्याच टप्प्यावर खर्चासह फेटाळण्याची तरतूद व्हावी. मालकांकडे: ज्याची बातमी छापता, त्याला नेमणूकपत्र द्या आणि त्याचे वकीलपत्र तुम्ही घ्या. आपल्या संघटनेकडे: प्रत्येक जिल्ह्यात कायदेशीर मदतीचा निधी आणि दोन-तीन वकिलांचे पॅनेल या वर्षातच उभे राहिले पाहिजे. त्याचा ठराव आज इथेच व्हावा.

आणि वार्ताहर मित्रांनो, तुमच्याकडे: बातमीआधी कागद मिळवा, समोरच्याची बाजू लेखी मागा, चूक झाली असेल तर खुलासा लगेच छापा. ती नसेल, तर आलेली नोटीस फायलीत लपवू नका. ती बातमी आहे. तिच्या तारखेसह, पाठवणाऱ्याच्या हुद्द्यासह छापा. आणि शेजारच्या दैनिकाला आली असेल, तर तीही छापा.