जुन्या खेळावर नवा उजेड

संगणकावरील जुन्या खेळास नव्या प्रकाशगणिताचा साज चढविला, तर खेळणाराचा आनंद वाढतो कीं नुसता यंत्रासच घाम फुटतो, हा प्रश्न वाटतो तितका बालिश नाहीं. त्याच्या निवाड्यास 'क्वेक टू' हा १९९७ सालचा अमेरिकन खेळ फार सोयीचा आहे.

त्या खेळांतील उजेड जणुं भिंतींवर रंगविलेला असे. दिवा कोठें आहे, त्याचा प्रकाश कोणत्या भिंतीवरून उडून कोणत्या कोपऱ्यांत किती पोंचतो, हा सारा हिशोब खेळ विक्रीस येण्यापूर्वींच उरकलेला असे. खेळणाराचें यंत्र तो तयार लेप तेवढा चढवी. रे ट्रेसिंग, म्हणजे किरणमार्गण, या रीतींत हा हिशोब क्षणोक्षणीं नव्यानें होतो. डोळ्यापासून उलट दिशेनें किरण सोडावयाचा, तो कशावर आदळतो व तेथून दिव्याकडे कसा जातो याचा माग काढावयाचा. टर्नर व्हिटेड यांनीं १९८० सालीं याच रीतीनें प्रतिबिंबें व पारदर्शक गोल काढून दाखविले. पण तेव्हां एका चित्रास तासाहून अधिक वेळ लागे!

'क्वेक टू'ची मूळ आज्ञावली २००१ सालीं सर्वांस खुली झाली. म्हणूनच ख्रिस्तोफ शीड यांना तींत ही रीत बसवितां आली, आणि त्या पायावर एनव्हिडिया कंपनीनें २०१९ च्या जून महिन्यांत 'क्वेक टू आरटीएक्स' प्रसिद्ध केला. त्यांत पाण्यावर आकाश उतरतें, स्फोटाचा तांबूस उजेड छतावर धांवतो, कांचेंत आडोशापलीकडचें दृश्य दिसतें. हें शेवटचें केवळ शोभेचें नव्हे. दबा धरलेला शत्रु आधीं दिसला, तर डावच बदलतो.

मात्र खरा उजेड खोड्याही उघड्या पाडतो. कमी पैलूंचे ते शत्रू जुन्या मंद प्रकाशांत खपून जात. आतां तीं लांकडी बाहुलीं वाटतात. २००७ सालच्या 'पोर्टल'ला २०२२ सालीं हा साज चढला, तेव्हां वस्तूंचे आकार व पोतही नव्यानें घडवावे लागले. शिवाय यंत्र दमलें, कीं चित्र अडखळतें, आणि चपळाईच्या खेळांत तेवढ्यानें जीव जातो.

'क्वेक टू आरटीएक्स'मध्यें जुनें रूपही ठेवलेलें असल्यामुळें एकच दालन दोन्ही उजेडांत पाहतां येतें. पाणी व कांच असेल तेथें नव्याची सरशी होते. अरुंद, अंधाऱ्या बोळांत मात्र जुन्या चित्रकाराचाच हात सरस ठरतो, कारण तेथील काळोख त्यानें मुद्दाम ठेवलेला होता.